पित्ताची पिशवी काढली तरी त्रास परत परत येतोय? आधी त्याची वेळ बघा

दुर्बिणीने ऑपरेशन झालं, एक-दोन दिवसात घरी सोडलं, टाके पण सुकले, सगळे म्हणाले सुटलीस बाई एकदाची, आणि मग तीन-चार आठवड्यांनी नवीनच सुरू होतं. जेवण झालं की हात धुवायच्या आधी संडासकडे पळायचं. चार दिवस एकदम ओके, पाचव्या दिवशी परत. कोणाला जुलाब, कोणाला बरगडीखाली दुखणं, कोणाची बेंबी ओलीच राहते. आणि विचारलं की घरचे, शेजारचे, कधी कधी मेडिकलवाला सुद्धा एकच उत्तर देतो, "पिशवी नाही ना आता, असंच होणार."

मला हे उत्तर अजिबात पटत नाही. पिशवी नसताना लाखो लोक व्यवस्थित जेवतात, लग्नात पंगतीला बसतात. त्रास परत परत येत असेल तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा त्रास *कधी* येतो यावरून पकडता येतं. मी डॉक्टर नाही. माझं स्वतःचं हे ऑपरेशन झालंय, नंतर सासूबाईंचं झालं, दोन्ही वेळचं घरचं सगळं मीच बघितलं आणि सर्जनला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं, त्यातून जे कळलं ते लिहितेय.

जेवल्यावर लगेच पळावं लागतं

सगळ्यात जास्त लोकांना छळणारा प्रकार हाच, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

पित्त बनवतं लिव्हर, पिशवी नाही. दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं आणि ऑपरेशननंतरही तेवढंच होत राहतं. पिशवी फक्त साठवायची, त्यातलं पाणी शोषून घट्ट करायची, आणि तेलकट काही पोटात गेलं की आवळून एकदम सोडायची. थोडक्यात गच्चीवरची टाकी काढली आणि लाइन डायरेक्ट नळाला जोडली, आता नळ दिवसरात्र थेंब थेंब चालू. हे पित्ताचे क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जवळजवळ सगळे परत शोषले जातात, पण जे थोडे निसटून मोठ्या आतड्यात जातात ते तिथे पाणी सोडायला लावतात, आणि मग पिवळसर हिरवट, पातळ, जळजळणारी शौच, ती पण अशी घाईची की थांबवता येत नाही. साधारण दहातल्या एखाद्याला हा त्रास होतो, बऱ्याच जणांचा काही आठवड्यात आपोआप कमी होतो, काहींचा रेंगाळतो.

पण पित्ताच्या डोक्यावर खापर फोडायच्या आधी औषधांची पिशवी उलटी करून बघा. सिरियसली. डिस्चार्जच्या वेळी पोट साफ व्हायला म्हणून लॅक्टुलोजचं सिरप दिलेलं असतं, ते "रात्री दोन चमचे" म्हणून बाटली संपेपर्यंत चालूच राहतं आणि इकडे जुलाब का होतात म्हणून घरात चर्चा. अँटिबायोटिकने पण पोट सुटतं. शुगरवाल्यांना मेटफॉर्मिनने होतं, आणि ऑपरेशनच्या वेळी बंद केलेली गोळी परत सुरू झाल्यावर झालं तर ते पिशवीच्या नावावर जातं. कुठली गोळी कधी सुरू झाली आणि पोट कधी बिघडलं, दोन्ही तारखा शेजारी ठेवा. मनाने डायबिटीसची गोळी बंद मात्र करू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा.

औषधं स्वच्छ असतील तर मग कॅलेंडर. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलंच असतं, दुधाचा हिशोब त्यावरच, तर मी सासूबाईंना सांगितलं की ज्या दिवशी पोट बिघडेल त्या चौकटीत फुली मारा आणि सकाळी की जेवणानंतर तेवढं लिहा. दोन महिन्यांचं पान समोर धरलं आणि दिसायला लागलं, फुल्या बहुतेक उपासाच्या दुसऱ्या दिवशी. संकष्टी, एकादशी, मधला एखादा सोमवार. उपासाला दिवसभर नुसता चहा, मग एकदम भूक लागल्यावर शेंगदाण्याच्या कुटात घोळलेली साबुदाण्याची खिचडी, वर तूप, वर बटाट्याचा किस. तासन् तास रिकामं पोट आणि त्यानंतर एकदम भरपूर फॅट, पिशवी नसलेल्या माणसाला याच्यापेक्षा वाईट जोडी नाही. आणि त्या स्वतः मात्र म्हणत होत्या, "उपासालाच तर मी हलकं खाते!"

हलकं आणि कमी तेलाचं यात आपल्याकडे फार गोंधळ आहे. डिस्चार्ज कार्डवर "लो फॅट डाएट" लिहिलेलं असतं, आपण समजतो वडापाव, मिसळ, चिकन बंद म्हणजे झालं. पण मराठी स्वयंपाकात फॅट लपलेलं असतं ते दाण्याच्या कुटात, ओल्या खोबऱ्यात, सुक्या खोबऱ्याच्या वाटणात, म्हशीच्या दुधाच्या सायीत, चटणीवर घातलेल्या कच्च्या तेलात. पालेभाजी म्हणून खातोय आणि त्यात मूठभर कूट! म्हणून फोडणी मोजून एक चमचा तेलाची, कूट निम्मा, दूध साय काढून, एवढं केलं तरी फरक पडतो. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस मऊ भात, साधं वरण, मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधी-दोडका-पडवळ, ताजं पातळ ताक, हे बहुतेकांना चालतं. मग एकेक पदार्थ वाढवायचा. एका वेळी एकच, म्हणजे बिघडलं तर कोणामुळे ते कळेल. आयुष्यभर तूप बंद वगैरे काही नाही, ही अफवा आहे, मला स्वतःला आता वरणभातावर तूप चालतं, फक्त पहिल्या महिन्यात वाटीभर श्रीखंड हाणायला जाऊ नये.

दिवसातून दोनदा गच्च जेवण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं खाणं चांगलं, कारण पित्त थेंब थेंब येतंय तर त्याला काम पण थोडं थोडं मिळू दे. आणि सकाळचा चहा. रिकाम्या पोटी कडक चहा-कॉफीने आतडं एकदम जागं होतं, वरून रात्रभर आतड्यात उतरलेलं पित्त असतंच. आधी दोन घास काही तरी खा, मुरमुरे, टोस्ट, काही पण, मग चहा. नुसत्या एवढ्या बदलाने सकाळची पळापळ थांबलेली लोकं मला माहीत आहेत.

इसबगोल जुलाबाला पण चालतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते म्हणतात अहो ते तर पोट साफ व्हायला घेतात. इसबगोल पाणी शोषून घट्ट जेल बनवतो, त्यामुळे पातळ शौचाला आकार येतो. एक चमचा पाण्यात घालून लगेच प्यायचं, दिवसभर पाणी नीट प्यायचं, आणि आठवडाभर तरी रोज घ्यायचं, एक दिवस घेऊन फरक नाही म्हणू नका. प्रवासाला निघताना किंवा ऑफिसात मीटिंग असताना लोक लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी घेतात, ती अधूनमधून ठीक, पण ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर अजिबात घ्यायची नाही, आणि रोजची सवय करायची असेल तर विचारूनच.

एवढं करून महिना झाला आणि तरी चालूच आहे, तर पोटाच्या डॉक्टरकडे, म्हणजे गॅस्ट्रोएन्टरोलॉजिस्टकडे जा आणि स्पष्ट विचारा की हे पित्ताच्या क्षारांमुळे आहे का. त्याच्यावर कोलेस्टिरामिन नावाची पावडर असते, ती आतड्यात पित्ताचे क्षार धरून ठेवते. बरेचदा आधी शौच, थायरॉइड, शुगर वगैरे साध्या टेस्ट बघतात आणि मग वेगळी मोठी तपासणी न करता ही पावडर देऊन फरक पडतो का ते बघतात. चव वाळू खाल्ल्यासारखी, कधी कधी उलट बद्धकोष्ठ होतं, डोस कमी-जास्त करावा लागतो. एक गोष्ट मात्र मेडिकलवाला सांगेलच असं नाही: ही पावडर बाकीच्या गोळ्यांना पण धरून ठेवते. म्हणून दुसरी औषधं पावडरच्या तासभर आधी नाहीतर चार ते सहा तास नंतर. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्या बायकांनी हे खास लक्षात ठेवा, दोन्ही सकाळी एकत्र घेतलं तर थायरॉइडची गोळी घेऊन न घेतल्यासारखी.

झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, ताप, काही न करता वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर वरचे घरगुती प्रयोग करत बसू नका, तपासून घ्या.

खांदा दुखतोय, पोटाचं ऑपरेशन आणि खांदा?

हे पहिल्या दोन-तीन दिवसांतलं. ऑपरेशन करताना पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, काढतात पण थोडा उरतो, तो छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यावर जाणवतं, जास्त करून उजव्या. बसलं की वाढतं, आडवं पडलं की कमी. आठवड्याच्या आत जातं. घरातल्या घरात चालत राहा, खांद्याला गरम पाण्याची पिशवी चालते. ओवा, हिंग खाऊन हा गॅस निघत नाही, तो आतड्यात नाहीच, आतड्याच्या बाहेर आहे.

आणि इथे पण वेळच बघायची. कमी होत गेलेलं दुखणं चौथ्या-पाचव्या दिवशी परत वाढलं, सोबत पोट फुगलं, ताप आला, छातीत धडधड वाढली, तर तो गॅस नाही, आत पित्त गळत असण्याची शक्यता असते, त्याच दिवशी हॉस्पिटल. डाव्या हाताकडे जाणारं, घाम आणणारं, दम लागणारं दुखणं असेल तर तर सरळ इमर्जन्सी, गॅस आहे म्हणून सोडा पीत बसायचं नाही.

"तेच जुनं दुखणं" परत आलं

लोक म्हणतात पिशवीच काढली तर खडा कुठून येणार. खडा पिशवीतून आधीच सटकून पित्ताच्या नळीत जाऊन बसलेला असू शकतो, किंवा नंतर नळीतच तयार होऊ शकतो. महिन्यांनी, कधी वर्षांनी पण त्रास देतो. ओळखायचं कसं, तर बेंबीच्या वर मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, पाठीत जाणारं, जेवणानंतर किंवा मध्यरात्री, अर्धा तास ते काही तास टिकणारं, कसंही बसा-झोपा आराम नाही, मग आपोआप थांबतं आणि काही दिवसांनी परत. ऑपरेशनच्या आधी जसं यायचं तसंच. सोबत लघवी चहासारखी गर्द, शौच पांढरट, डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, यातलं काही दिसलं तर रात्र पण काढू नका. कावीळ झाली म्हणून गावाकडच्या काविळीच्या औषधाला तर मुळीच नेऊ नका, नळी अडकलेली असताना पाला पिऊन ती सुटत नाही आणि आत इन्फेक्शन झालं तर माणूस झपाट्याने खालावतो.

तपासणी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, सोनोग्राफी, लागली तर एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्या दाखवणारा एमआरआय. रक्त दुखत असताना किंवा लगेच दुसऱ्या दिवशी दिलं तर उपयोग जास्त, कारण चार-पाच दिवसांनी आकडे नॉर्मल येतात आणि सगळे म्हणतात काही नाही हो, टेन्शन घेता तुम्ही. खडा निघालाच तर ईआरसीपी करून तोंडातून दुर्बीण घालून काढतात, पोटावर परत चीर नाही.

याउलट वाकलं, खोकलं, कुशीवर वळलं की टोचतं आणि बोटाने नेमकी जागा दाखवता येते, तर ते बहुतेक भोकाच्या जागचे स्नायू. पिशवी ज्या भोकातून ओढून काढतात ती जागा जास्त दिवस दुखते. खोकताना उशी पोटाला घट्ट धरायची, उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या जोरावर उठायचं. बरगड्यांच्या मधोमध जळजळ, आंबट ढेकर, आडवं पडल्यावर वाढणारं, ते अॅसिडिटीचं, आणि ते बरेचदा ऑपरेशनच्या आधीपासूनच होतं, खड्याच्या नावावर खपत होतं. पेनकिलर उपाशीपोटी गिळत असाल तर तिथूनच सुरुवात करा.

बेंबी सुकतच नाही

पहिल्या आठवड्यात थोडं पाणी येणं, जरा लालसर दिसणं चालतं. अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण ४८ तासांनी परवानगी मिळते, नंतर बेंबी टिपून कोरडी करायची, चोळायची नाही. हळद, खोबरेल, पावडर, काही घालायचं नाही. आजीचं मन मोडेल, मोडू दे.

पण एक प्रकार असा आहे की टाके छान सुकतात, सगळे विसरतात, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी गाठ येते, काळपट होते, फुटते, पातळ पाणी येतं. अँटिबायोटिकचा कोर्स दिला की दबतं, कोर्स संपला की परत. कधी आत राहिलेल्या टाक्याच्या दोऱ्यामुळे होतं. पण आपल्याकडे दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले, पाण्यात-मातीत सापडणारे जंतू पण हे करतात, दुर्बिणीची हत्यारं नीट निर्जंतुक झाली नसतील तर ते जखमेत जातात. नेहमीच्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत, वेगळी औषधं काही महिने घ्यावी लागतात. म्हणून उशिरा सुरू झालेलं आणि परत परत येणारं पाणी असेल तर तिसरा कोर्स निमूट घेण्याआधी विचारा, "याचं कल्चर, म्हणजे त्या पाण्यात कुठले जंतू वाढतात ती लॅबची तपासणी, पाठवायचं का, त्यात अशा जंतूंची तपासणी होईल का?" ही तपासणी वेगळी सांगावी लागते, नेहमीच्या कल्चरमध्ये सुटू शकते.

खोकल्यावर बेंबीपाशी फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो, तेवढं दाखवून घ्या.

किती दिवस झोपून राहायचं?

इथे घरातल्या मोठ्यांशी भांडण ठरलेलं. त्यांची पण चूक नाही, भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन पहिल्यांदा झालं १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये, डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी केलं. त्याआधी बरगडीखाली वीतभर चीर द्यायचे, मावशी-आत्यांनी बघितलेलं ते, म्हणून "दीड महिना पलंगावरून उतरायचं नाही" हा सल्ला तिथला. दुर्बिणीच्या ऑपरेशनला उलटं आहे, त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, आणि घरी पण चालायचंच, नुसतं पडून राहिलं तर बद्धकोष्ठ होतं, पायात गुठळीचा धोका वाढतो. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक दम लागला तर हे लगेच सांगायचं. ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर चालू असेल तर पोट आणखीनच अडतं, कुंथू नका, पाणी-पपई-लॅक्टुलोज बघा आणि गोळी कमी करता येईल का विचारा.

बसून करायचं काम एक-दोन आठवड्यात जमतं. जड उचलणं मात्र चार-सहा आठवडे नाही, आणि जड म्हणजे फक्त सिलिंडर नाही, पाण्याने भरलेली कळशी, ओली चादर पिळणं, तीन वर्षांचं पोर कडेवर घेणं, कुकर भरलेला उचलणं, हे सगळं त्यात आलं. घरातल्या बाईचं ऑपरेशन झालं की दहाव्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असते आणि कोणालाच वावगं वाटत नाही, तर घरच्यांनो, कणीक मळायला शिका. स्कूटर, बाईक एवढ्यात नको, खड्ड्यात आदळल्यावर आणि करकचून ब्रेक मारल्यावर पोटात कळ येत नाही इतपत बरं वाटेपर्यंत थांबा.

कागद

परत परत त्रास घेऊन नवीन डॉक्टरकडे गेलात की ते पहिलं विचारतील ऑपरेशनमध्ये काय सापडलं. फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, जमलं तर ऑपरेशनच्या नोट्स, आधीची सोनोग्राफी, आणि आधीचे-नंतरचे लिव्हरचे रिपोर्ट एकत्र ठेवा. त्याबरोबर ते कॅलेंडरचं पान, मोबाइलवर फोटो काढून नेलं तरी चालतं.

आणि बायोप्सीचा रिपोर्ट. काढलेली पिशवी तपासायला पाठवतात, कारण क्वचित तिच्यात कॅन्सर निघतो जो सोनोग्राफीत दिसलेला नसतो. रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोपर्यंत आपण घरी आलेलो असतो आणि तो लॅबमध्येच पडून राहतो. खड्यांची डबी मात्र शोकेसमध्ये ठेवून येईल त्या पाहुण्याला दाखवतात! रिपोर्ट आणला नसेल तर हॉस्पिटलला फोन करून मागा, पिशवी पाठवली होती का तेही विचारा, आणि सर्जनला दाखवून मगच फाइलला लावा.